वाद्य घरी ठेवून कामावर जाता येत नाही

एका अनोळखी मुलाने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: “दादा, वय २४. नाशिकच्या अंबड एमआयडीसीत प्रेस शॉपला आहे, म्हणजे पत्रे दाबून भाग काढतात तिथे, तिन्ही शिफ्ट. चौघांचा रॉक बँड आहे, तीन वर्षं झाली, मी गातो. पहिली पाच-सहा गाणी मस्त जातात, मग वर गेलं की आवाज फाटतो. दुसऱ्या दिवशी बोलतानाही घोगरा. गिटारवाला म्हणतो, तू नुसता गातोस, अ‍ॅम्प-पेडलचा खर्च आमचा, तर तुझा वाटा कमी. नोकरी सोडून मुंबईला जावं असं मनात आहे. आई विचारते, हे किती वर्षं चालणार? काय सांगू?”

मित्रा, तू चार प्रश्न विचारलेस आणि चारही वेगवेगळे आहेत असं तुला वाटतंय. मला ते एकच वाटतात. मी नाशकातच एका बँडचा सतरा वर्षं मुख्य गायक होतो, आता मुलांना गायला शिकवतो आणि शनिवार-रविवार साउंड करतो. एवढ्या काळात एक गोष्ट पक्की कळली. गिटारवाला कामावर जाताना गिटार केसमध्ये घालून घरी ठेवतो. ड्रमवाल्याचे ड्रम गॅरेजमध्ये चादरीखाली झोपलेले असतात. बँडमध्ये तू एकटाच असा आहेस, की तुझं वाद्य रोज सकाळी तुझ्याबरोबर अंबडला जातं, तिथे आठ तास राबतं आणि संध्याकाळी तेच घेऊन तू प्रॅक्टिसला येतोस. तेव्हा नाशिक की मुंबई हे नंतर बघू. आधी घशाचं बघू.

जरा हिशोब कर. आपण आवाज काढतो तेव्हा गळ्यातले दोन स्वरतंतू एकमेकांवर टाळी दिल्यासारखे आपटतात. वरच्या पट्टीत गाताना सेकंदाला साधारण ३०० वेळा धर. चार मिनिटांच्या गाण्यात तू खरोखर गातोस दोन मिनिटं, बाकी सोलो, इंट्रो, लोकांना हात वर करायला लावणं. म्हणजे एका गाण्याला ३६ हजार टाळ्या, दहा गाण्यांना तीन लाख साठ हजार. आता शिफ्ट घे. प्रेस शॉपमध्ये मशीनच्या वरताण बोलावं लागतं. तिथे माणूस ठरवून ओरडत नाही. आजूबाजूला गोंगाट असला की आवाज आपोआप चढतो. दिवसभराचं मिळून तासभर जरी तू असा चढ्या आवाजात बोललास, तरी सेकंदाला २०० धरून सात लाख वीस हजार होतात. कार्यक्रमाच्या दुप्पट. आणि ते रोज, सुरात नाही, घसा आवळून. मग सातव्या गाण्याला आवाज फाटतो, तर त्यात सातव्या गाण्याचा काय दोष?

तुझा घसा न बघता मी एवढं ठाम बोलू नये, हे मला कळतं. कदाचित मूळ कारण अ‍ॅसिडिटी असेल, कदाचित जुनी सर्दी, कदाचित स्वरतंतूंवर गाठी आधीच आल्या असतील. म्हणून पहिलं काम हे: घोगरेपणा तीन आठवड्यांहून जास्त टिकत असेल तर कान-नाक-घसा डॉक्टरकडे जा आणि कॅमेऱ्याने स्वरतंतू बघून घे. ‘मी गातो’ हे आवर्जून सांग, नाहीतर गोळ्या देऊन पाठवतात. गाठी निघाल्या तर लगेच ऑपरेशनची धास्ती घेऊ नकोस. बहुतेकांना आधी व्हॉइस थेरपीच, म्हणजे आवाजाचे व्यायामच देतात आणि पुष्कळांचं तेवढ्यावर भागतं.

माझं काय झालं ते सांगतो, म्हणजे मी हे कुठून बोलतोय ते कळेल. डिसेंबरचा गॅदरिंगचा हंगाम होता. आम्ही एका महिन्यात अकरा कार्यक्रम घेतले होते आणि त्याचा मला फार अभिमान होता. दिवसा मी एका दुकानात काउंटरला, म्हणजे तोंडाचा पट्टा सतत चालू. आठव्या कार्यक्रमापासून मेन्थॉलच्या गोळ्या चघळत गायचो. त्या गोळ्यांनी घसा बरा होत नाही, फक्त दुखतंय हे कळत नाही, एवढं तेव्हा ठाऊक नव्हतं. दहाव्या कार्यक्रमात तिसऱ्या गाण्याला तोंड उघडलं आणि नुसती हवा आली. पोरांना वाटलं माइक गेला. साउंडवाल्याने बिचाऱ्याने केबल बदलली. पुढची गाणी आमच्या ड्रमवाल्याने कशीबशी ओढली. तपासणीत दोन्ही बाजूंना गाठी निघाल्या. थेरपी, त्यात सुरुवातीला बोलणं अगदी मोजकं, आणि दोन महिने गाणं बंद.

बँड थांबला नाही. थांबायलाही नको होतं, पुढच्या तारखांचे पैसे घेतले होते. त्यांनी दुसरा मुलगा घेतला. जानेवारीत गंगापूर रोडला त्यांचा कार्यक्रम होता, तो मी गर्दीच्या मागे, मफलर गुंडाळून ऐकला. माझं गाणं तो गात होता. शब्द माझे, चाल माझी. आणि खरं सांगतो, वरची ओळ तो माझ्यापेक्षा चांगली गायला. घरी येऊन मला दोन गोष्टी एकदम कळल्या. एक, गायक बदलता येतो. दोन, ज्याने गाणं लिहिलं तो बदलता येत नाही.

दुसऱ्या गोष्टीकडे परत येतो. आधी वरच्या ओळीबद्दल.

तुमची बहुतेक गाणी ई या पट्टीत असणार. न ऐकताच सांगतो, कारण गिटारवाल्यांना ई प्रिय असतो. मोकळ्या तारा वाजतात, हाताला सोपं पडतं, आवाज भरदार येतो. हार्मोनियमच्या भाषेत पांढरी तीन. पण ही पट्टी गिटारच्या सोयीने आली आहे, तुझ्या गळ्याच्या नाही. आपल्याकडे गवयाची पट्टी आधी ठरते आणि तंबोरा, तबला त्याप्रमाणे लावतात. रॉक बँडमध्ये मात्र गायक बिचारा गिटारच्या मागे धावतो. यावर जुना, साधा उपाय आहे. गिटार आणि बेस अर्ध्या सुराने उतरवून लावायचे. बोटं तिथेच पडतात, कॉर्डचे आकार तेच राहतात, फक्त ऐकू येते काळी दोन. मोठेमोठे बँड वर्षानुवर्षं असंच वाजवतात आणि श्रोत्यांपैकी कुणाला पत्ताही लागत नाही. गिटारवाला म्हणेल, तारा ढिल्या वाटतात. त्याला म्हणावं एक नंबर जाड सेट लाव. तारांचा सेट काही शे रुपयांना मिळतो.

याच बैठकीत गाण्यांचा क्रमही बदला. सगळी चढी गाणी शेवटी ठेवायची सवय सगळ्यांनाच असते, कारण शेवट दणक्यात हवा. शेवटचं एक असू दे. त्याच्या आधी एक खालच्या सुरातलं, एक वाद्यांचं, एक ड्रमवाल्याला गायला दे.

आता प्रॅक्टिसची जागा. दहा बाय बाराची गॅरेज, वर पत्रा, मध्ये ड्रम, आणि तू एका छोट्या स्पीकरवर त्याच्याशी झुंजतोयस, असंच ना? सिडकोत, इंदिरानगरात अर्ध्या बँडांचं हेच चित्र आहे. मग अंबडला मशीनशी ओरडतोस आणि संध्याकाळी ड्रमशी. भिंतीला जुन्या गोधड्या लावा, ड्रमवर टॉवेल टाका, आणि तुझा स्पीकर कानाच्या उंचीला आण. जमिनीवर ठेवलेला स्पीकर तुझ्या गुडघ्यांना गाणं ऐकवतो. एका गाण्याची तीनदा उजळणी होणार असेल तर पूर्ण गळ्याने एकदाच गा. बाकी दोनदा अर्ध्या आवाजात, खालच्या सप्तकात. मुलं कुरकुरतील, करू दे.

स्टेजवर माइक कसा धरतोस? जाळीची गोळी मुठीत धरून गाणं दिसायला भारी वाटतं, पण त्याने माइकचा स्वभाव बिघडतो. सगळीकडे दिसणारा तो एसएम ५८, जो १९६६ पासून बनतोय, तो पुढून ऐकतो आणि मागच्या बाजूने जवळजवळ बहिरा असतो. म्हणून मॉनिटर, म्हणजे तुझा आवाज तुलाच ऐकवणारा स्पीकर, माइकच्या बरोबर मागे, तुझ्याकडे तोंड करून ठेवतात. गोळी मुठीत धरली की माइक मागचंही ऐकायला लागतो, शिट्टी सुटते, साउंडवाला तुझा आवाज खाली करतो, तुला स्वतःचं ऐकू येत नाही, म्हणून तू आणखी ओरडतोस. मी स्वतः साउंडला बसतो तेव्हा ही साखळी दर शनिवारी बघतो. नव्वद टक्के वेळा गायक मला शिव्या घालतो.

घरच्या सवयींचं पटकन सांगून टाकतो. पाणी दिवसभर पीत राहा. स्टेजवर प्यायलेलं पाणी स्वरतंतूंना लागत नाही, ते अन्ननलिकेत जातं, त्याचा उपयोग उशिराने होतो. साध्या पाण्याची वाफ चांगली. आवाज बसला की कुजबुजून बोलू नकोस, त्यानेही ताण येतो. गप्प बसणं बरं. कार्यक्रम संपल्यावर रात्री एक वाजता तर्रीदार मिसळ किंवा ठेचा-भाकरी हाणून आडवं होणं बंद. हे मला सोडायला सगळ्यात जड गेलं, नाशिककराला मिसळ सोड म्हणणं म्हणजे काय ते तू समजू शकतोस. सकाळच्या मिसळीला माझी हरकत नाही. कार्यक्रमाआधी आणि नंतर पाच-पाच मिनिटं स्ट्रॉमधून पाण्याच्या ग्लासात बुडबुडे काढत एकच सूर धर, खालून वर, वरून खाली. लोक हसतात, पण गळ्याला याच्याइतकं स्वस्त मालिश नाही. सकाळी खर्ज लावत असशील तर लाव, मात्र जोर लावून तळ गाठायचा प्रयत्न नको. जानेवारीत द्राक्षबागांच्या बाजूला उघड्यावर कार्यक्रम असला तर गळ्याला काहीतरी गुंडाळ. थंडी कोरडी असते.

आता नोकरी. मी तुला नोकरी सोड म्हणणार नाही आणि धर असंही म्हणणार नाही, कारण घरात तुझ्या पगारावर कोण किती अवलंबून आहे हे तू लिहिलेलं नाहीस. पण शॉप आणि नोकरी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्याच कंपनीत क्वालिटी, स्टोअर्स, डिझाइन, कुठेतरी कमी गोंगाटाची जागा असेल. बदली मागायला महिना-दोन महिने लागतील, पण मुंबईला घर बघण्यापेक्षा ते सोपं आहे. तोवर शॉपमध्ये हाताच्या खुणा वापर, शिट्टी ठेव, माणसाच्या जवळ जाऊन बोल. इअरप्लग देत असतील तर घालच.

पैशाचं गणित डोळ्यासमोर ठेवावं म्हणून एक उदाहरण. समज, एका हॉटेलने २४,००० दिले. दहा टक्के टीडीएस, म्हणजे आधीच कापून घेतलेला आयकर, कापला तर हातात २१,६००. गाडी, डिझेल, जेवण ३,६००. राहिले १८,०००. चौघं तुम्ही, एक साउंडवाला, एक वाटा बँडच्या गल्ल्यात, असे सहा भाग, प्रत्येकी ३,०००. हंगामात महिन्याला पाच कार्यक्रम मिळाले तर १५,०००. हंगाम म्हणजे गणपतीपासून फेब्रुवारीपर्यंत. मार्चला परीक्षा, मग लग्नसराई, त्यात रॉक बँडला कोण विचारतो. आणि पावसाळ्यात सगळं गार. कापलेला टीडीएस रिटर्न भरलं तर परत मिळू शकतो, म्हणून पॅन कार्ड देताना लाजू नकोस. मुलं ते २,४०० कायमचे गेले असं समजून सोडून देतात.

वाट्याच्या भांडणात तुझा गिटारवाला अर्धा बरोबर आहे. त्याचा खर्च खरा आहे. पण त्यावर उपाय म्हणजे तुझा वाटा कापणं नव्हे, तो गल्ला. त्यातून तारा, काठ्या, केबल, आणि हो, तुझ्या घशाची तपासणीसुद्धा. मोठं सामान ज्याने घेतलं त्याचंच राहील, बँड फुटला तर तो घेऊन जाईल. हे आत्ताच, दोस्ती असताना कागदावर लिहा.

आणि त्याच कागदावर, कुठल्या गाण्याचे शब्द कुणाचे आणि चाल कुणाची तेही लिहा. हे मी अनुभवाने सांगतोय. कॉपीराइट कायद्यात शब्द, चाल आणि गाणाऱ्याचा आवाज या तीन वेगळ्या मालमत्ता आहेत. गीतकार-संगीतकाराचा हक्क त्याच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षं चालतो, गाणाऱ्याचा ५० वर्षं. २०१२ च्या दुरुस्तीनंतर तर गीतकार-संगीतकाराला रॉयल्टीतला आपला हिस्सा सहजासहजी सोडूनही देता येत नाही. ती गोळा करायला गीतकार-संगीतकारांसाठी आयपीआरएस ही संस्था आहे, गायक-वादकांसाठी इसम्रा. तू कव्हर, म्हणजे दुसऱ्यांचीच गाणी गात राहिलास तर तुझ्याकडे तुझा आवाज एवढीच मालमत्ता, आणि ती सातव्या गाण्याला फाटते. मुंबईच्या रॉक मशीन या बँडने, ज्याचा गायक उदय बेनेगल, १९८४ ला सुरुवात केली तेव्हा इथे इंग्रजी गाण्यांच्या नकलाच चालत. ते स्वतःच्या गाण्यांकडे वळले, पुढे १९९३ ला इंडस क्रीड झाले, म्हणून आज त्यांचं नाव घेतो.

वाट्याचं भांडण फक्त तुमच्याकडेच होतं असं समजू नकोस. क्वीन या ब्रिटिश रॉक बँडचं उदाहरण देतो. त्यांची १९७५ ची सगळ्यात गाजलेली रेकॉर्ड लोकांनी घेतली ती पुढच्या बाजूच्या, त्यांचा गायक फ्रेडी मर्क्युरीने लिहिलेल्या ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ या गाण्यासाठी. मागच्या बाजूला ड्रमवाल्याचं गाणं होतं. रेकॉर्ड एकच, त्यामुळे विकलेल्या प्रत्येक प्रतीवर दोघांना सारखीच रॉयल्टी, आणि त्यावरून त्यांच्यात बराच काळ धुसफूस होती. शेवटी १९८९ च्या अल्बमला त्यांनी ठरवलं की गाणं कुणीही लिहो, नाव चौघांचं. एवढं शहाणपण यायला त्यांना जवळजवळ वीस वर्षं लागली.

फ्रेडीचा विषय निघालाच आहे तर पाचगणीचं सांगतो. त्याचं मूळ नाव फारुख बलसारा, जन्म झांझिबारचा १९४६ सालचा, शिकला आपल्या पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत. तिथे मुलांनी बँड काढला, हेक्टिक्स, त्यात तो पियानो वाजवायचा. इंग्लंडला गेल्यावर आर्ट कॉलेज, मग केन्सिंग्टन मार्केटात त्याच ड्रमवाल्याबरोबर कपड्यांचा स्टॉल. क्वीन झालं १९७० ला, तेव्हा तो तुझ्याच वयाचा होता. पहिला अल्बम १९७३ ला. आणि गाठींचा त्रास त्यालाही झाला, १९७५ च्या अमेरिका दौऱ्यात काही कार्यक्रम रद्द करावे लागले. त्याच्यासारखा गळा असूनही सुट्टी घ्यावी लागली, तर तू-मी कोण.

मुंबईबद्दल आता बोलतो, कारण आता बोलण्यात अर्थ आहे. बँड येतोय का तुझ्याबरोबर? तू एकटा गेलास तर तू बँडचा गायक राहत नाहीस, काम शोधणारा गायक होतोस. तो वेगळा धंदा आहे; त्यात डबिंग, जिंगल, कोरस, दुसऱ्याच्या चालीवर पंधरा मिनिटांत गाणं बसवणं, हे यावं लागतं. त्याची आवड असेल तर जरूर जा. पण रॉक बँडला आज रेकॉर्डिंगसाठी मुंबई लागत नाही, आणि बँड मुंबईचाच हवा असंही नाही. अग्नी हा रॉक बँड पुण्यातून उभा राहिला. नाशकातही २००८ पासून सुलाफेस्टमुळे, म्हणजे सुला वाइनरीच्या संगीत महोत्सवामुळे, लोकांना उघड्यावर बसून बँड ऐकायची सवय लागली, तिचा फायदा आम्हा सगळ्यांना झाला. सहा महिने पंचवटी एक्स्प्रेसने ये-जा करून बघ. सकाळी जा, दोन ऑडिशन, एक ओळख, संध्याकाळी परत. सहा महिन्यांनी मुंबईतून फोन येतात की फक्त तूच करतोस, हे बघ. त्यावर ठरेल. एवढं मात्र नक्की, फाटलेला आवाज घेऊन कसारा घाट उतरू नकोस.

राहिली आई. ‘किती वर्षं’ याला आकडा नाही, पण दोन माणसं सांग तिला. एसी/डीसी या ऑस्ट्रेलियन रॉक बँडचा गायक बॉन स्कॉट १९८० ला वारला आणि ब्रायन जॉन्सनला घेतलं, तेव्हा तो बत्तीस वर्षांचा होता. एका बँडमध्ये थोडं नाव होऊन ओसरलं होतं आणि तो न्यूकॅसलला गाड्यांच्या छताला व्हिनाइल बसवायचा धंदा करत होता. म्हणजे गाडीच्या कामात असलेला माणूसही उशिरा पोचतो. मात्र २०१६ मध्ये त्याला दौरा अर्धवट सोडावा लागला, आणि तो गळ्यामुळे नाही, कानामुळे. आणखी गायला असता तर पुरता बहिरा होण्याचा धोका होता. दुसरा रोलिंग स्टोन्स बँडचा गायक मिक जॅगर, जो २०२४ मध्ये ऐंशीचा असताना दौऱ्यावर होता. गळा सांभाळला तर वय आड येत नाही. कानाचं मात्र एकदा गेलं की परत येत नाही. ८५ डेसिबल आठ तास चालतं, पण दर तीन डेसिबलला वेळ निम्मी होते. १०० डेसिबलला जेमतेम पंधरा मिनिटं. तुमची गॅरेज १०० च्या खाली नसेल.

आईला पुढच्या कार्यक्रमाला घेऊन ये. पहिल्या रांगेत बसवू नकोस, साउंडवाल्याच्या जवळ बसव, तिथे सगळ्यात चांगलं ऐकू येतं. कानात कापसाचे बोळे नकोत, त्याने काही अडत नाही. मेडिकलमधून फोमचे इअरप्लग आण, चिमटीत दाबून कसे घालायचे ते दाखव. आणि त्या दिवशी गाणी काळी दोनवर असू देत.